सालईबोडीच्या पारीवरचे दगड

शनिवार, ३ जानेवारी

सविता सकाळीच येऊन गेली. आज सरपंच आहे, पण चौथीत माझ्या वर्गात होती तेव्हा सतराचा पाढा आला की हिला तहान लागायची. आता तीच मला काम देते. म्हणाली, "बाई, गावाच्या तोंडाशी फलक लावून राह्यलो आपून. सालईबोडीचा इतिहास आन पाहण्यासारख्या जागा. तुमच्याबिगर कोन लिवनार?"

फेब्रुवारीत कसल्याशा स्पर्धेची तपासणी आहे. बारा ओळींत बसवायचं. लगेच हो म्हटलं. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, इतकं बरं फार दिवसांत वाटलं नव्हतं.

हे पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "बारा ओळी? तुझी बाजाराची यादीच दोन पानांची राहते."

यांचं ऐकायचं नाही.

मंगळवार, ६ जानेवारी

वही, टेप, पाण्याची बाटली आणि हे, असे निघालो. मारुतीचं देऊळ मोजलं. शाळा. जंगलखात्याची इंग्रजांच्या वेळची चौकी. तिचा चौथरा तेवढा उरलाय, त्यावर बकऱ्या बसतात. हे म्हणाले, बकऱ्याही लिही पाहण्यासारख्या जागांत. मग तलाव. खरं तर तलावच पहिला लिहायला हवा, त्याच्यामुळे गाव आहे. आम्ही कोहळी, तलाव बांधणारी माणसं. तलावाचं नाव निघालं की मी पदर खोचते, ती सवय आता जायची नाही.

पारीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, चढलो तर ठेकेदाराचा माणूस फक्कीने रेघा मारत होता. सुशोभीकरण! बसायला बाकडी, खाली फरशा, आणि मधोमध माणसाएवढी लाल अक्षरं, 'आय लव्ह सालईबोडी'. नेमका तिथेच तो शिवेचा उभा दगड आहे. दगडावर लाल फुली मारलेली. सविता तिथेच होती. "तो काढून टाकतो, बाई. तुमच्याच पुस्तकात हाये ना, इंग्रजाईच्या मोजणीचा शिवेचा गोटा म्हणून. शिवेचा गोटा कुठीबी ठेवता येते."

पुस्तक म्हणजे शाळेच्या अमृतमहोत्सवाची स्मरणिका. त्यातला गावाचा इतिहास माझा.

मी म्हटलं, ग्रा.पं.च्या अंगणात ठेवा, झेंड्याजवळ. छान दिसेल.

गुरुवार, ८ जानेवारी

जुनी नावं विचारायला टोल्यावर गेले. टोला म्हणजे तलावापलीकडची गोंडांची तीस घरं. किती वर्षांनी गेले आठवेना. मतदार यादीच्या कामाला जायचे, तेही अंगणातून परत.

फुलाबाई मडावी तिथल्या सर्वांत म्हाताऱ्या. अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. "आता आलीस व, मास्तरीनबाई?" एवढंच बोलल्या आणि सुपातली मूठभर माझ्यापुढे टाकली. मीही सोलायला लागले.

बोलता बोलता शिवेच्या दगडाचं निघालं. शेंग हातातच राहिली त्यांच्या.

"त्यो शिवेचा नोहे. तलाव खंदला तवा आमचे जे मेले त्याइचे गोटे होत ते. मोठा एक. लहान अकरा. त्याच्या पायाशी मांडले होते. लहान कुठी गेले?"

मी म्हटलं, मी चौकशी करून लिहिलंय फुलाबाई.

"कोनाले इचारलं?"

मालगुजाराच्या घरच्या आबांना.

"आबानं खंदला का तलाव?"

मला राग आला. चहा न घेता उठले. गोंडांनी माती वाहिली असेल, पण तलाव आखला कोणी? आमच्या माणसांनी. आणि लहान दगड कसले? मी तर तिथे एकच दगड पाहत आलेय.

शुक्रवार, ९ जानेवारी

झोप नीट नाही. सकाळी स्मरणिका काढली. पान ११. 'तलावाच्या पारीवर इंग्रजकालीन मोजणीचा शिवेचा दगड आजही उभा आहे.' वाक्य किती ठसक्यात लिहिलंय. पोरांना निबंधात 'कशावरून?' असं लाल शाईने लिहायचे मी. इथे कोणी लिहिलं नाही.

दुपारी तलाठ्याकडे गेले. गावनकाशा मागितला. शीव नाल्याने जाते, तलावापासून पार लांब. जुन्या नकाशातही तशीच. पारीवर शीव कधी नव्हतीच.

म्हणजे जुन्या जमीनदाराघरच्या आबांनी सांगितलं आणि मी छापलं. पारीवरून टोला दिसतो. उतरून जायला दहा मिनिटं लागत नाहीत.

चूक माझी. लाल शाई घेऊन पान ११ वर फुली मारली. घरातल्या प्रतीवर मारून काय उपयोग, गावात दोनेकशे तरी प्रती असतील.

रविवार, ११ जानेवारी

लिहायला हात होत नाही, तरी लिहिते.

लहान दगड कुठे गेले ते मला आठवलं. सकाळी अंगण झाडत होते. तुळशीभोवतीच्या विटा सरळ केल्या आणि हात थांबला.

अमृतमहोत्सवाचं वर्ष. शाळेच्या बागेला कडं करायचं होतं. श्रमदानाचा शनिवार, सहावी-सातवीची मुलं. मी म्हटलं होतं, "तलावाच्या पारीवर आहेत बघा, उभ्या दगडापाशी. छान गोल, एका मापाचे. ते आणा." अगदी हेच शब्द. मुलं नाचत गेली आणि आणले. बाकीचे शेतातून, रस्त्याच्या खडीतून गोळा केले. चुना मारला, एक आड एक गेरू. पाहुण्यांनी कौतुक केलं. माझा फोटोही आहे त्या बागेत.

लहान दगड उचलून नेल्यावर मोठा एकटा उरला. एकट्या दगडाला शिवेचा म्हणायला सोपं.

सुट्टी म्हणून शाळेत कोणी नव्हतं. फाटकातून पाहिलं. कडं आहे तसंच आहे. दर सव्वीस जानेवारी, पंधरा ऑगस्टला चुना. आता तर सगळे सारखेच दिसतात. मोजले. अठ्ठ्याहत्तर.

लाज वाटली. इतकी की घरी येताना मागच्या गल्लीने आले.

सोमवार, १२ जानेवारी

ह्यांना सांगितलं. पेपरची घडी घालून बाजूला ठेवली. मग म्हणाले, "कोनाले मालूम आहे? त्या पोरांनाही आठवणार नाही. गुपचूप दगड नेऊन ठेव. कायले गावभर बोंब?"

मला मालूम आहे, मी म्हटलं.

"तुझं नाव आहे गावात. चौतीस वर्षं शिकवलंस."

म्हणूनच तर. दुसऱ्या कोणी लिहिलं असतं तर गावाने विश्वास तरी ठेवला नसता.

दुपारी सविताकडे. तिने ऐकून घेतलं, मग कपाळाला हात. "बाई, अक्षरं बनून तयार हायेत गोंदियाले. तपासणी तोंडावर. आन तुमी म्हणता गोटा हालवू नका! फुलाबाई म्हणते हे कागदावर हाये का कुठी? कागदावर त तुमचंच हाये."

खरं आहे. सगळ्या गावात त्या दगडाबद्दल लिहिलेली एकच ओळ आहे आणि तीच खोटी आहे. मग दुसरी ओळ मीच लिहीन. सव्वीसच्या ग्रामसभेत वाचीन. तोपर्यंत दगडाला हात लावू नको, हे तिच्याकडून वदवून घेतलं. "बरं जी," म्हणाली, पण डोळे फोनवर.

बुधवार, १४ जानेवारी. संक्रांत

तिळगूळ घेऊन टोल्यावर. वाटेत वाक्य जुळवत होते, तिथे पोचल्यावर एकही उरलं नाही. सरळ सांगितलं. मुलांना मी पाठवलं, दगड शाळेत आहेत, बागेला लावलेत.

फुलाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. काठी घेतली, उठल्या, घरात गेल्या. परत बाहेर आल्या नाहीत.

अर्धा तास अंगणात उभी होते. कोणी बस म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. तिळगुळाचा डबा ओट्यावर ठेवून आले.

शनिवार, १७ जानेवारी

काही नाही. डबाही परत आला नाही. ह्यांनी विचारलं, आता? मी म्हटलं, आता ग्रामसभा. त्या बोलोत न बोलोत, मला बोलायचंच आहे.

फलकाच्या बारा ओळी लिहायला घेतल्या. तिसऱ्या ओळीपाशी अडकले. 'तलाव बांधला' असं लिहू की 'खणला'? बांधणारे वेगळे, खणणारे वेगळे. दोन्ही लिहिलं. ओळी तेरा झाल्या. होऊ देत.

मंगळवार, २० जानेवारी

दहाच्या सुमारास शाळेतून निरोप आला, एक म्हातारी येऊन बागेत बसलीय, उठत नाही. चपला घालून तशीच धावले.

फुलाबाई! नातसून सोबत. कड्यापाशी जमिनीवर बसून एकेक दगड हाताने चाचपत होत्या. मी जाऊन शेजारी बसले. बसताना गुडघा बोलला. त्यांनी वर न पाहता विचारलं, "पोट्टे पानी टाकते का इथी रोज?"

हो, बागेला टाकतात. रोज दोघांची पाळी असते.

"एवढी सालं?"

मी होते तोवर मी टाकायला लावत होते, आताही टाकतात.

"मंग तहानलेले नाई राह्यले." आणि मला एक विळ्याचं पातं दिलं. "खरड."

खरडत बसलो. चौदा वर्षांचा चुना, एकावर एक थर. त्यांनी सांगितलं, मेलेल्याचा गोटा चुलबंद नदीतूनच आणायचा, पाण्याने गुळगुळीत झालेला. शेतातला चालत नाही. मग सोपं झालं. चुन्याखाली खडबडीत लागला की बाजूला, गुळगुळीत लागला की त्या मांडीशी ओढून घेत. मधल्या सुट्टीत मुलं भोवती. मुलांनी विचारलं, "बाई, काऊन खरडून राह्यल्या?" मी काय सांगणार? म्हटलं, माझी चूक खोडतेय.

अठ्ठ्याहत्तरातून नऊ सापडले. दोन नाहीत. फुलाबाईंनी पुन्हा सगळे चाचपले. मग म्हणाल्या, "नऊ त नऊ." पण घरी जाताना दोनदा मागे वळून पाहिलं.

शनिवार, २४ जानेवारी

मुख्याध्यापक नवे आहेत, घाबरट. दगड शाळेच्या बागेचे, द्यायचे तर व्यवस्थापन समितीचा ठराव हवा म्हणतात. नऊ दगडांना ठराव! बरं, अर्ज लिहिला. विषय: चुकून आणलेले दगड परत करणेबाबत. निदान सव्वीसच्या आधी त्या नऊंना चुना मारू नका, एवढं कबूल करून घेतलं. गोणपाट टाकून वर्गाच्या कोपऱ्यात ठेवलेत.

ग्रामसभेचा कागद चार वेळा लिहिला. पहिल्यात स्वतःला फार माफ केलं होतं. दुसऱ्यात फार झोडपलं होतं, ते ऐकून लोक माझ्याकडेच बघत बसले असते, दगड राहिला बाजूला. चौथा बरा आहे. अर्धं पान.

सोमवार, २६ जानेवारी

झेंडावंदन, जिलबी, मग ग्रामसभा. मंडपात एरवी येत नाहीत तेवढी माणसं. टोल्यावरचीही आली, मागे, उन्हात उभी.

उठले. कागद दोन्ही हातांनी धरला. वाचलं. स्मरणिकेतली ओळ चूक आहे. ती मी विचारपूस न करता लिहिली. तो दगड तलाव खणताना मेलेल्यांचा आहे. त्याच्याजवळचे लहान दगड माझ्या सांगण्यावरून शाळेत नेले.

मग मागून एकजण, माझाच विद्यार्थी, नाव लिहीत नाही: "म्हणजे बाई, आमी पाठ केलं ते खोटं? मी त भाषणात बक्षीस घेतलं त्याच्यावर!"

हो, खोटं. बक्षीस ठेव, ओळ खोड.

हसले लोक. हसले ते बरं झालं, कारण त्यानंतर बोलायला लागले. अर्धे म्हणतात अक्षरं दुसरीकडे लावा. अर्धे म्हणतात तपासणीच्या तोंडावर कायले हे लचांड. ठेकेदार गोंदियाहून आला होता. "मैडम, मार्किंग हो गया है, जगह बदलना है तो लिख के दीजिए." सविता माझ्याकडे, मग टोल्याच्या माणसांकडे पाहत राहिली. शेवटी: पंधरा दिवस थांबू, वर विचारू, तोपर्यंत मोठा गोटा जागचा हलणार नाही. लहान नऊ परत मांडायला हरकत नाही. इतिवृत्तात लिहिलं. लिहीत होते तेव्हा मी बाजूला उभी राहून वाचलं.

घरी आल्यावर हे म्हणाले, "आवाज चांगला लागला तुझा." बस, एवढंच. पण जेवताना माझ्या ताटात दुसरी जिलबी होती.

बुधवार, २८ जानेवारी

समितीचा ठराव झाला. परवा दगड न्यायचे.

फुलाबाईंनी रीत सांगितली. एका माणसाने एक गोटा. हातात किंवा काखेत. वाटेत जमिनीला टेकवायचा नाही, टेकला तर तो घेऊन नदीपर्यंत परत जायचं, तिथून पुन्हा निघायचं. दमलं तर दुसऱ्याच्या हातात द्यावा, पण भुईवर नाही. शाळेपासून पारीपर्यंत पाऊण तास लागेल. टोल्यातून आठ जण येणार.

मी म्हटलं, नऊ आहेत.

"माहीत हाये," म्हणाल्या. माझा तिळगुळाचा डबा परत दिला. आत तुरीचे दाणे.

शुक्रवार, ३० जानेवारी

संध्याकाळचे साडेपाच. अक्षर वेडंवाकडं येतंय, कारण दगड मांडीवर आहे आणि वही त्याच्यावर.

सकाळी निघालो. माझ्या वाट्याला आला तो नारळापेक्षा थोडा मोठा, एका बाजूला अजून गेरूचा डाग. हा कोणाचा, असं विचारलं. फुलाबाईंना नाव माहीत नाही. एक बाई होती म्हणाल्या, मातीच्या टोपल्या वाहायची. मी विचार करत होते, तिला लेकरं किती असतील. मारुतीपाशी हात भरून आले, नातसून म्हणाली द्या आजी. दिला नाही.

पारीवर चढलो तर जेसीबी उभा. मोठ्या दगडाला धक्का नाही, ठरल्याप्रमाणे. पण त्याच्या पायाशी, जिथे नऊ मांडायचे तिथेच, कमरेएवढा खोल, लांबलचक खड्डा. अक्षरांचा पाया. सकाळीच खणलाय. मी त्या चालकावर ओरडले. आयुष्यात कोणावर इतकी ओरडले नसेन, ओरडताना दगड घट्ट धरला होता. तो बिचारा म्हणाला, "मेरे को जितना बोला उतना खोदा, अम्मा."

सविताला फोन. ती धावत आली, खड्डा पाहून रडकुंडीलाच आली. ठेकेदाराने तिला सांगितलंच नव्हतं म्हणते. मला पटलं. ठेकेदार फोन उचलेना. दुपारपर्यंत नऊ जण दगड घेऊन उभे, बसले की मांडीवर. खड्ड्याच्या काठावर मांडा, एकाने सुचवलं. फुलाबाईंनी मान हलवली. भोकाच्या काठावर नाही. जागा भरली पाहिजे, धुम्मस मारून माती दाबली पाहिजे, मग.

मग ज्याचा त्याने आपल्या घरी न्यायचा असं ठरलं, हातात. फुलाबाई म्हणाल्या, "तुझा दे, मी ठेवून घेतो मांडीवर." मी म्हटलं, नको, माझा मी नेते.

तर हा असा घरी आलाय. तोंड धुतलं तेव्हा ह्यांनी धरला. जेवले तेव्हाही ह्यांनीच. धरून बसले होते आणि पेपर चाळत होते, एकदाही थट्टा केली नाही. पायाला मुंग्या आल्यात.

आत्ताच सविताचा फोन. "बाई, ठेकेदार बोलला. उद्या सकाळी जेसीबी येते म्हणते."

भरायला की अजून खणायला?

"ते त नाई सांगतलं."

तिला म्हटलं, मी सातला पारीवर आहे. टोल्याला निरोप दे. ती म्हणाली, "मीबी येतो."

दगड आता ह्यांच्या मांडीवर देते आणि भात टाकते.